भालेराव सरांचा उलटा ग्रह

पंखा कुठल्या बाजूनं फिरतो, या प्रश्नावरून माझी भालेराव सरांशी ओळख झाली.

श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजात मी नुकताच पदार्थविज्ञान शिकवायला लागलो होतो. पहिलाच तास. राहात्याहून एस.टी.नं उभ्यानं आलो होतो, शर्टाची इस्त्री गेली होती, पण आवाज शाबूत होता. आवाज शाबूत असला की मला इतर कशाची गरज वाटत नाही, अभ्यासाची तर नाहीच. छताकडं बोट दाखवून मी मुलांना ठणकावून सांगितलं, की हा पंखा बघा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतोय. तेवढ्यात दारातून आवाज आला, "कुठून बघून?"

दारात एक उंच, वाळकुडे गृहस्थ उभे होते. ऐन उकाड्यात पुऱ्या बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, काखेत काळी छत्री. मला वाटलं, कुणाचे तरी वडील असतील. मी म्हटलं, काका, पालकांची भेट ऑफिसात. मुलं हसली. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसली.

"बरं," ते म्हणाले. "पण कुठून बघून?"

"खालून बघून."

"आणि छताच्या वर कुणी बसलं असेल तर त्याला?"

"छताच्या वर कोण बसतंय, काका?"

"मी बसतो," म्हणाले, आणि निघून गेले.

ते आमच्या विभागाचे प्रमुख निघाले. आणि छताच्या वर खरोखरच बसत. माझ्या त्या वर्गाच्या बरोबर डोक्यावर, गच्चीत, एक खोली होती. पूर्वी तिथं पाण्याची मोटर असायची. ती खोली सरांनी मागून घेतली होती आणि तिथं दुर्बीण बसवली होती. मी माफी मागायला वर गेलो, तर म्हणाले, "माफीचं काय त्यात? वरनं बघायचं राहिलंय तुमचं, ते बघा." आणि मला खाली जमिनीकडं बघायला लावलं. आता स्लॅबमधून पंखा दिसणार कसा? पण मी वाकून बघितला. नवी नोकरी होती.

'कुठून बघून' हा प्रश्न सरांच्या तोंडात कायम असे, जशी दुसऱ्याच्या तोंडात सुपारी. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, स्टँड कॉलेजच्या डाव्या हाताला आहे, की कोपऱ्यातून यायचं, कुठून बघून? अमका प्राध्यापक फार वाकडा आहे, कुठून बघून? उपप्राचार्य एकदा चिडून म्हणाले, की भालेराव, घरी बायको तरी तुम्हाला सरळ उत्तर देते का हो? सरांनी प्रश्न मनावर घेतला. बराच वेळ विचार करून म्हणाले, "ती उत्तर देत नाही. नुसती बघते."

त्यांना न खपणारा एक शब्द होता, 'अर्थातच'. बोलण्याच्या ओघात कुणाच्या तोंडून तो निसटला, की सर छत्री उचलून म्हणायचे, अर्थातच म्हणालात? चला वर. मग त्या माणसाला गच्चीत जाऊन सूर्य बघावा लागे. मी दिवसातून बऱ्याच वेळा अर्थातच म्हणतो. पहिल्या वर्षी माझं वजन कमी झालं ते जिन्यामुळं.

चहासुद्धा ते साधा पीत नसत. साखर ढवळायची, मग मध्येच चमचा उलट्या बाजूनं फिरवायचा, आणि चहाचा भोवरा थांबतो कसा, वळतो कसा, ते बघत बसायचं. चहा निवायचा. निवलेला चहा एका घोटात पिऊन, काहीतरी हाती लागल्यासारखे उठायचे.

वर गच्चीत मात्र माणूस वेगळा दिसे. सूर्याकडं दुर्बिणीतून थेट बघायचं नसतं. दुर्बिणीच्या मागं पांढरा पुठ्ठा धरायचा, त्याच्यावर सूर्य उतरतो. बशीएवढा, पांढरा, आणि अंगावर मोहरीचे दाणे सांडावेत तसे दोनचार काळे डाग. पुठ्ठ्यावर सावली हवी म्हणून ती छत्री. सर त्या डागांवर पेन्सिलीचं टोक ठेवून सांगत, काल हा इथं होता, आज इथं आलाय. डाग सरकतो, कारण सूर्य स्वतःभोवती फिरतो. एक फेरी पुरी व्हायला चारेक आठवडे घेतो. मुलं बघत. पुष्कळांना आयुष्यात पहिल्यांदा कळे, की तो नुसता दिवा नाही, त्यालाही अंग आहे आणि ते अंग फिरतं. त्या क्षणी मुलाच्या तोंडाकडं सर बघत, सूर्याकडं नाही.

त्यांचा खरा जीव अडकला होता तो पुढच्या प्रश्नात. तारा आणि त्याचे ग्रह एकाच फिरणाऱ्या ढगातून जन्मतात. ढग ज्या बाजूनं फिरत असेल त्याच बाजूनं ताऱ्यानं फिरावं, आणि ग्रहांनीही त्याच्याभोवती त्याच बाजूनं, त्याच पातळीत चक्कर मारावी, असं कुणालाही वाटेल. आपल्याकडं जवळजवळ तसंच आहे. सगळे ग्रह सूर्य फिरतो त्याच बाजूनं त्याला फेऱ्या घालतात. सूर्याचा आस तेवढा साताएक अंशांनी कललेला. "सात म्हणजे थोडेच," सर म्हणत, "पण का, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुले, की कुणालाच ठाऊक नसणं ही जणू त्यांची कमाई आहे.

मग दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह सापडायला लागले आणि घोळ झाला. काही ग्रह तिरपे निघाले, काही ताऱ्याच्या डोक्यावरून पायाखालून जाणारे, आणि काही चक्क उलटे. तारा फिरतोय एका बाजूला, ग्रह चालतोय दुसऱ्या बाजूला. कशानं? जन्मल्यावर दुसऱ्या ग्रहानं ढकलला असेल, शेजारच्या ताऱ्यानं ओढला असेल, नाहीतर जन्मतानाच त्या ढगाची तबकडी कलली असेल. सर हे मोबाईलवर वाचत, डोळ्यांपासून हातभर लांब धरून. नवा उलटा ग्रह सापडला की त्या दिवशी स्टाफरूमला भेळ.

मी हे सगळं ऐकून वर्गात शिकवलं. शिकवलं म्हणजे, माझ्या पद्धतीनं. तारा आणि ग्रह एका बाजूनं का फिरतात, तर मुलांनो, खाण तशी माती. बाप फिरेल तशी पोरं फिरणार. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तासाला टाळ्या पडत, सरांच्या तासाला मुलं लिहीत. या दोन्हींतला फरक मला त्या वयात माझ्या बाजूचा वाटे.

संध्याकाळी चहाला सर शेजारी येऊन बसले. चमचा एका बाजूनं फिरवला, मग उलटा.

"शेळके, आज तुम्ही म्हण सांगितलीत म्हणे वर्गात."

मी खूश होऊन सांगितली.

"माझे वडील ऊस तोडायला यायचे इकडं," सर म्हणाले. "जामखेडकडनं, गाडीवर संसार टाकून. आईच्या पोटात मी होतो तेव्हा ती मोळ्या वाहत होती. तुमच्या म्हणीप्रमाणं मी आत्ता कुठल्या फडात असायला पाहिजे?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. माझ्या हातातला चहाचा कप खाली ठेवायला मला जागा सापडेना. भालेराव कुठले, कोण, हे ठाऊक असून मी ती म्हण त्यांच्याच कॉलेजात, त्यांच्याच छताखाली मुलांना वाटली होती, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या. मग मी सावरासावर केली. सावरताना आणखी बुडलो. म्हटलं, सर, म्हणूनच तुम्हाला ते उलटे ग्रह जवळचे वाटत असतील, नाही?

"नाही," सर म्हणाले. "ग्रहाला बाप नसतो, शेळके. ग्रहाला वेग असतो आणि दिशा असते, ती मोजायची. उपमा आली की माणूस मोजायचं थांबतो." आणि निवलेला चहा एका घोटात पिऊन उठले.

पण मोजायचं कसं? तारा दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो; तो कुठल्या बाजूनं फिरतोय आणि ग्रह कुठल्या बाजूनं जातोय, हे कळणार कशावरनं? हे मी विचारलं, आणि त्याचं उत्तर मला रामनवमीच्या जत्रेत मिळालं. भर दुपारी सर मला घोड्यांच्या गोल पाळण्यासमोर घेऊन गेले. म्हणाले, लांबून बघा. एका कडेचे घोडे आपल्याकडं येताना दिसतात, दुसऱ्या कडेचे आपल्यापासून लांब जाताना. तारा फिरतो तेव्हा त्याच्याही एका कडेचा उजेड येणारा, दुसऱ्या कडेचा जाणारा, आणि उजेडाच्या रंगात तो फरक पकडता येतो. आता ग्रह समोरून गेला की आधी एक कड झाकतो, मग दुसरी. येणारी कड आधी झाकली, तर ग्रह पाळण्याच्या बाजूनं चाललाय. जाणारी आधी झाकली, तर उलटा.

इथवर ठीक होतं. मग त्यांनी छत्री उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्ही ग्रह."

मी छत्री आडवी धरून पाळण्यासमोरून चालत गेलो. एकदा सरळ, एकदा उलटा. सर लांब उभे राहून हातानं खुणा करत होते, अजून हळू, अजून हळू. पाळणेवाल्यानं दोन फेऱ्या सहन केल्या. मग म्हणाला, "ओ मास्तर, बसायचं आसंल तर बसा, न्हाईतर सरका. पोरं भ्यायला लागली तुमच्या छत्रीला." आमच्याच कॉलेजच्या मुली तिथं कुल्फी खात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर छत्रीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ग्रह. ते मी पुसलं, पण आजतागायत ताऱ्यांविषयी एवढी एकच गोष्ट मला पक्की समजली आहे, आणि ती पायांनी समजलेली आहे.

सरांची निवृत्ती जवळ आली तशी एकच गोष्ट त्यांना लागून राहिली, गच्चीवरची खोली. परीक्षा विभागाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवी होती आणि त्यांचा डोळा त्या खोलीवर होता. सरांचं म्हणणं एवढंच, की आपण गेल्यावरही कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक मुलाला एकदा तरी सूर्य फिरताना दिसावा. स्वतःसाठी त्यांनी संस्थेकडं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. ही खोली मात्र त्यांनी मागितली. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते म्हणाले, विज्ञान दिनाला येतो, काय ते दाखवा, मग ठरवू. आणि तुमच्यामागं ती खोली चालवणार कोण?

"शेळके," सरांनी सांगितलं.

हे मला त्यांनी नंतर सांगितलं, जिन्यात. मी म्हटलं, सर, मी कसा? मला तर निम्मं कळत नाही. ते म्हणाले, "ते शिकता येतं. तुम्ही बोललात की मुलं थांबतात. माझ्याकडं थांबत नाहीत." त्यांनी कौतुक केलं नव्हतं; मोजून सांगितलं होतं. म्हणून मला ते फार लागलं, आणि मी त्या दिवसापासून मदत करायच्या मागं लागलो. माझ्या आयुष्यातले बहुतेक अपघात मी मदत करताना झालेले आहेत.

विज्ञान दिनासाठी सरांनी एक प्रतिकृती बनवली. एका फळीवर दोन तारे, दोन पिवळे चेंडू. डावीकडं आपला सूर्य, उजवीकडं लांबचा एक तारा. प्रत्येक चेंडूला स्वतःभोवती फिरवणारी एक छोटी मोटर, आणि ग्रहाला चेंडूभोवती फिरवणारी दुसरी. डावीकडची पृथ्वी सूर्याच्याच बाजूनं फिरणार, उजवीकडचा ग्रह ताऱ्याच्या उलट. नावांच्या चिठ्ठ्या पुढच्या बाजूला चिकटवलेल्या. जोडणी प्रयोगशाळेतल्या जोसेफमामांनी केली होती. ते सरांबरोबर इतकी वर्षं काम करत होते, की दोघं एकमेकांशी जवळजवळ बोलतच नसत.

आता पुढचं मी गुपित फोडतोय असं कुणी समजू नये. आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि माझ्या तोंडावर त्याची नक्कल होते.

त्या सकाळी मी लवकर पोचलो. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. झब्बा घातला होता, अत्तर लावलं होतं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. म्हटलं, एकदा चालवून बघू, ऐनवेळी फजिती नको. बटण टेबलाच्या मागच्या बाजूला होतं. मी मागं गेलो, बटण दाबलं आणि बघितलं, तर काय, डावीकडची पृथ्वी सूर्याच्या उलट फिरतेय आणि उजवीकडचा उलटा ग्रह शहाण्यासारखा सरळ चाललाय. जोसेफमामांनी वायरी अदलाबदल केल्या! बरं झालं, मी बघितलं. मोटरीच्या दोन वायरी उलट्या जोडल्या की मोटर उलटी फिरते, एवढं पदार्थविज्ञान माझ्याकडं होतं. दोन्ही ग्रहांच्या वायरी मी काढल्या, फिरवून जोडल्या, चालवून बघितलं. डावीकडची सरळ, उजवीकडचा उलटा. हात झटकून मी समाधानानं चहा प्यायला गेलो.

टेबलाच्या मागून बघणाऱ्याचा डावा म्हणजे पुढून बघणाऱ्याचा उजवा, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ज्या माणसानं मला वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला होता, त्याच्याच टेबलाशी.

अण्णा आले. पुढच्या खुर्चीत बसले. मागं संस्थेचे लोक, मग प्राध्यापक, मग मुलं. मी माइकवरून सरांची ओळख करून दिली, बरीच लांबलचक. सर टेबलाशी गेले. त्यांना भाषण येत नसे. ते म्हणाले, "हा आपला सूर्य. पृथ्वी सूर्याच्याच बाजूनं फिरते. बघा." आणि बटण दाबलं.

पृथ्वी उलटी निघाली.

मुलांत खसखस झाली. सरांनी मान वाकडी करून फळीकडं बघितलं. मग, वाक्य ठरलेलं होतं म्हणून असेल, तेही बोलून गेले, "आणि हा लांबचा तारा, याचा ग्रह उलटा फिरतो." तो ग्रह मजेत सरळ फिरत होता.

"भालेराव," अण्णा म्हणाले, "आमची पृथ्वी उलटी फिराया लागली की. आन् वाकडं म्हणताय ते तर सरळ दिसतंय."

मला तेव्हाच सगळं कळलं होतं. हे लिहून ठेवतो, कारण नंतर मी लोकांना सांगत आलो की मला काही सुचलंच नाही. सुचलं होतं. माझ्या हातात माइक होता. अण्णा, वायरी मी बदलल्या, सरांची चूक नाही, एवढं एक वाक्य. सरांनी फळीवरून मान वर करून माझ्याकडं बघितलं. हॉल गप्प होता. आणि गप्प हॉल समोर असला की माझं तोंड माझं राहत नाही.

"अण्णा," मी माइकवर म्हणालो, "तुमच्यासमोर वाकडे सरळ होतात हे तालुक्याला ठाऊकच होतं. आज ताऱ्यांनाही कळलं."

टाळ्यांनी हॉल दणाणला. अण्णा हसले, मागच्याला म्हणाले, पोरगं तयारीचं आहे. सर काहीतरी सांगत होते, "एक मिनिट, वायरी..." असं मला ओठांवरून दिसलं. टाळ्यांत ऐकू आलं नाही. टाळ्या थांबेपर्यंत अण्णा उठले होते, पुढं सत्काराचे नारळ होते, मग जेवणं होती.

दुपारी मी गच्चीवर गेलो. जोसेफमामा फळी उघडून वायरी पुन्हा जोडत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुमी हात लावल्ता व्हय?"

मी हो म्हणालो.

"म्या काल सगळं चालवून पाह्यलं हुतं," ते म्हणाले, आणि पकड पिशवीत टाकून खाली निघून गेले.

सर खिडकीशी होते. मी बोलायला लागलो. सांगितलं, की सर, मी मागून बघितलं. "ते कळलं मला," ते म्हणाले. मग मी म्हटलं, की तुमच्या बाजूनं बघितलं तर माझं चुकलंच, पण माझ्या बाजूनं बघाल तर मी तुमच्याच भल्यासाठी... इथं मला वाटलं होतं की मी त्यांच्याच भाषेत बोलतोय आणि त्यांना ते पटेल.

सरांनी बटण दाबलं. दोन्ही तारे फिरायला लागले. डावीकडची पृथ्वी सूर्याबरोबर, उजवीकडचा ग्रह ताऱ्याच्या विरुद्ध.

"इकडून बघा," ते म्हणाले. "आता मागं जाऊन बघा. आता वाकून खालून बघा."

मी त्या टेबलाभोवती फिरलो. झब्बा खिळ्याला अडकून फाटला.

"दोघं एकमेकांच्या बाजूनं फिरतात की विरुद्ध, हे कुठूनही बघितलं तरी बदलत नाही, शेळके. तेवढं एक बदलत नाही." बटण बंद केलं. "वायरीचं सोडा. माणूस मागून बघतो, फसतो. पण माइक तुमच्या हातात होता."

फाटका झब्बा मुठीत धरून मी जिना उतरलो.

मी दुसऱ्या दिवशी अण्णांच्या बंगल्यावर गेलो, हेही खरं. सगळं सांगितलं. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, म्हणजे ते पण तूच केलं आन् विनोद पण तूच? खोलीचं विचारलं तर म्हणाले, ते झालं आता, परीक्षावाल्यांना शब्द दिला. महिन्याभरात मला सांस्कृतिक विभागाचा प्रमुख केलं. ते पत्र मी सरांना दाखवलं नाही. त्यांना आधीच कळलं होतं, आणि त्यांनी अभिनंदन केलं. मनापासून केलं. त्याचा त्रास अजून होतो.

निरोप समारंभाचं सूत्रसंचालनही माझ्याकडंच आलं. मी नाही म्हणालो, तर प्राचार्य म्हणाले, तुमच्याशिवाय कोण आहे? मी चार वाक्यं बोललो आणि बसलो. लोकांना वाटलं, माझा घसा बसलाय. कुणीतरी मागून खडीसाखर पाठवली.

सर आता जामखेडकडं, गावी असतात. श्रीरामपूरहून नगरला जायचं, तिथं एस.टी. बदलायची, एवढाच रस्ता आहे. जोसेफमामा दोनदा जाऊन आले. म्हणाले, दुर्बीण शाळेच्या वट्ट्यावर ठेवत्यात, कधी पोरं येत्यात, कधी न्हाई. मी गेलो नाही. राहात्याला जाणारी गाडी आणि नगरला जाणारी गाडी एकाच फलाटाशी लागतात, आणि मी प्रत्येक वेळी राहात्याच्या गाडीत चढतो.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते खोली रिकामी करताना. गच्चीवर वारा सुटला होता आणि त्या दाराची कडी मोडकी होती. दार सारखं आदळत होतं. मी उचलायला पुढं झालो. दुर्बिणीचा स्टँड जोसेफमामांनी घेतला. नळी भालेरावकाकूंच्या गोधडीत गुंडाळलेली होती, ती सरांनी स्वतः घेतली. मी हात पुढं केला तसे म्हणाले, "शेळके, तुम्ही दार धरा."

मी दार धरलं. ते आडवे होऊन, नळी छातीशी घेऊन, माझ्या समोरून गेले. चौकटीला लागू नये म्हणून श्वास रोखला होता त्यांनी. पायरीवर थांबून म्हणाले, "धरा हं, सोडू नका." मग जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज, आणि मामांचा, सांबाळून, सर, सांबाळून.

दारातून कॉलेजचं फाटक दिसतं. खाली टेम्पो उभा होता. सर मागच्या हौद्यात चढले, ड्रायव्हरच्या केबिनला पाठ लावून बसले, पाय लांब केले, नळी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी कवटाळली. तोंड कॉलेजकडं होतं. टेम्पो सुरू झाला. मी एका हातानं दार धरून दुसरा हात वर केला. सरांनी मान उचलून गच्चीकडं बघितलं, हे नक्की. त्यांचे दोन्ही हात नळीवर होते, हेही नक्की. त्यातला एक त्यांना मोकळा करता आला असता की नाही, हे मी टेम्पो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो, आणि तेवढ्या लांबून मला ते कळलं नाही.